दोन गोद्यांमधली धावपट्टी

विमानतळांचा इतिहास बहुधा शहरापासून दूर जाण्याचा इतिहास असतो. विमाने मोठी झाली, वेगवान झाली, धावपट्ट्या लांबल्या, आवाज वाढला आणि विमानतळ गावाबाहेरच्या माळावर गेले. पुढे शहरच पसरत पसरत त्यांच्या कुंपणाला येऊन टेकले, ही गोष्ट वेगळी. लंडनमध्ये १९८७ साली मात्र नेमके उलटे घडले. दाट वस्तीच्या मधोमध एका नव्या विमानतळाने जन्म घेतला. बँका, विमा कंपन्या आणि पेढ्या यांनी गजबजलेला जो भाग 'सिटी' या नावाने ओळखला जातो, तेथून तो जेमतेम दहा-अकरा किलोमीटरवर आहे. त्याचे नाव लंडन सिटी विमानतळ.

हा विमानतळ तेथे बसवता आला तो एका कोनाच्या जोरावर. विमान जमिनीकडे उतरताना आडव्या पातळीशी जो कोन करते तो जगातल्या बहुतेक विमानतळांवर ३ अंशांचा असतो. येथे तो आधी साडेसात अंशांचा होता, मग साडेपाच झाला. हा कोन का निवडला गेला, तो का बदलला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे पाहिले, तर तंत्रज्ञान, व्यापार आणि शेजारी राहणारी माणसे यांच्यात कसे करार होतात आणि ते कसे सैल होत जातात, याचे एक स्वच्छ उदाहरण आपल्या हाती लागते.

ओस पडलेल्या गोद्या

थेम्स नदीच्या उत्तर काठावर, पूर्व लंडनच्या न्यूहॅम विभागात, 'रॉयल डॉक्स' नावाच्या तीन प्रचंड गोद्या आहेत. व्हिक्टोरिया गोदी १८५५ साली, आल्बर्ट गोदी १८८० साली आणि पंचम जॉर्ज गोदी १९२१ साली उघडली. मोठमोठ्या आगबोटींना आत घेता यावे म्हणून त्या बांधल्या होत्या. धान्य, तंबाखू, गोठवलेले मांस असा जगभरचा माल येथे उतरे. हिंदुस्थानच्या वाऱ्या करणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी आल्बर्ट गोदीत लागत, आणि त्यांवर राबणाऱ्या खलाशांत आपल्या रत्नागिरीकडची माणसेही असत.

१९६० नंतर मालवाहतुकीची रीतच पालटली. पोती, पेट्या, पिंपे एकेक करून उतरवण्याऐवजी माल एकाच मापाच्या पोलादी कंटेनरमध्ये भरून येऊ लागला. कंटेनर रचायला धक्क्यालगत मोठे पटांगण लागते आणि ते वाहणारी जहाजेही फार मोठी असतात. शहरात कोंडलेल्या गोद्यांना हे जमणारे नव्हते. धंदा नदीच्या मुखाकडे, टिलबरीला गेला. १९८१ साली रॉयल गोद्यांतली व्यापारी वाहतूक थांबली. गोदीच्या कामावर पोट असलेल्या सिल्व्हरटाउन, नॉर्थ वुलिच, कस्टम हाउस या वस्त्या जागच्या जागी राहिल्या. काम तेवढे निघून गेले.

त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने या साऱ्या भागासाठी लंडन डॉकलँड्स विकास महामंडळ स्थापन केले. बांधकामांना परवानगी देण्याचा स्थानिक महापालिकांचा अधिकार या भागापुरता महामंडळाकडे आला. त्याचे मुख्याधिकारी रेज वॉर्ड यांच्यासमोर एक कोडे होते. आल्बर्ट गोदी आणि पंचम जॉर्ज गोदी एकमेकींना समांतर आहेत. त्यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरलेला एक लांबट, चिंचोळा धक्का, दोन्ही बाजूंना पाणी. अशा जागेचे करायचे काय? नकाशाकडे पाहिले की उत्तर समोर दिसते: धावपट्टी. विमाने वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि उतरतात. लंडनमध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. म्हणजे जागेची दिशाही सोयीची होती. प्रश्न होता तो लांबीचा.

वेगाचा वर्ग

हीथ्रो विमानतळाची एक धावपट्टी ३,९०२ मीटर लांबीची आहे. गोद्यांमधल्या धक्क्यावर एक हजार मीटरच्या थोडे पुढे जाता येत होते. एवढ्यात विमान थांबवायचे कसे?

येथे शाळेतले एक साधे सूत्र उपयोगी पडते. ठरावीक दराने वेग कमी करत थांबायला लागणारे अंतर हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो असे धरू. सेकंदाला ७० मीटर वेगाने टेकलेल्या विमानाला थांबायला १,२२५ मीटर लागतील. सेकंदाला ४० मीटर वेगाने टेकलेल्याला फक्त ४०० मीटर. वेग निम्म्याच्या जरा वर, अंतर मात्र एक तृतीयांशाहूनही कमी! तेव्हा आखूड धावपट्टीचे रहस्य ब्रेकमध्ये फारसे नसून, हवेत असताना किती सावकाश उडता येते यात आहे.

अशी विमाने तोवर तयार झाली होती. कॅनडाच्या डी हॅविलँड कंपनीचे डॅश-७ हे सुमारे ५० आसनांचे विमान १९७५ साली प्रथम उडाले. त्याच्या पंखांवर चार टर्बोप्रॉप इंजिने होती. त्यांच्या मोठ्या, संथ फिरणाऱ्या पंख्यांचा झोत थेट पंखांवरून आणि पंखांमागे खाली वळणाऱ्या रुंद झडपांवरून जाई. त्यामुळे विमानाचा वेग कमी असतानाही पंखांना पुरेशी उचल मिळे. संथ पंख्यांचा दुसरा फायदा म्हणजे आवाज कमी.

वॉर्ड यांनी ब्रिमन एअरवेजचे बिल ब्राइस यांच्याशी बोलणी सुरू केली आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये आखूड धावपट्टीच्या विमानतळाचा प्रस्ताव जाहीर झाला. कागदावरचे गणित लोकांना पटेना, म्हणून २७ जून १९८२ रोजी ब्रिमनचे कॅप्टन हॅरी जी यांनी जवळच्याच वेस्ट इंडिया गोदीतल्या हेरन की नावाच्या धक्क्यावर डॅश-७ प्रत्यक्ष उतरवून दाखवले. आज त्या परिसरात कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे उभे आहेत. त्याच वर्षी मॉवलेम ही बांधकाम कंपनी आणि ब्राइस यांनी परवानगीसाठी अर्ज केला.

त्रेसष्ट दिवसांची सुनावणी

६ जून १९८३ रोजी या अर्जावर जाहीर सुनावणी सुरू झाली. ती ६३ दिवस चालली. एका बाजूचे म्हणणे असे, की लंडनच्या आर्थिक केंद्राजवळ विमानतळ आला तर ओसाड भागात गुंतवणूक येईल, रोजगार येईल, युरोपातल्या शहरांत सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल. दुसऱ्या बाजूला अनेक रहिवासी आणि बृहद्लंडन परिषद उभी होती. त्यांचे म्हणणे असे, की गोदी कामगारांच्या वस्तीला हवे आहे ते घर, पाळणाघर आणि हाताला काम. बँकवाल्यांचे विमान नव्हे. नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. 'रॉयल गोद्यांची लोकयोजना' या नावाचा एक पर्यायी आराखडाच रहिवाशांच्या मंचाने परिषदेच्या मदतीने तयार केला आणि १९८३ साली प्रसिद्ध केला. गोद्यांत पुन्हा मालवाहतूक आणि जहाजदुरुस्ती सुरू करता येईल असे त्यात मांडले होते.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. सगळेच रहिवासी विरोधात नव्हते. महामंडळाने घेतलेल्या जनमत चाचणीत बहुसंख्यांनी विमानतळाला अनुकूलता दाखवली होती. बेकारीने पिचलेल्या वस्तीत 'काहीतरी येतेय' यालाही किंमत असते.

सरकारने अनुकूल कौल देण्याचा मनोदय व्यक्त केला. परिषदेने उच्च न्यायालयात धाव घेतली; मार्च १९८५ मध्ये ती फेटाळली गेली आणि मे १९८५ मध्ये तत्त्वतः परवानगी मिळाली. त्यानंतर वर्षभराने परिषदच संसदेच्या कायद्याने बरखास्त झाली. परवानगी मात्र मोकळी नव्हती. उड्डाणांची संख्या, कामकाजाच्या वेळा आणि विमानांचा आवाज यांवर बंधने होती. सुनावणीत लोकांपुढे जे चित्र उभे केले होते, ते होते थोड्या, लहान, शांत, पंख्यांच्या विमानांचे. हे चित्र ध्यानात ठेवू या, कारण पुढची सगळी कहाणी त्याच्याशी ताडून पाहायची आहे.

साडेसात अंश

मे १९८६ मध्ये युवराज चार्ल्स यांनी इमारतीची कोनशिला बसवली, ३१ मे १९८७ रोजी पहिले विमान उतरले आणि २६ ऑक्टोबर १९८७ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी १,०८० मीटरची होती आणि उतरण्याचा कोन साडेसात अंश.

या कोनाचे कारण समजायला एक काटकोन त्रिकोण पुरतो. विमान टेकण्याच्या जागेपासून ५ किलोमीटरवर असताना किती उंच असेल? ५,००० ला कोनाच्या टॅन गुणोत्तराने गुणायचे. ३ अंशांसाठी उत्तर येते सुमारे २६० मीटर, साडेपाच अंशांसाठी ४८० मीटर आणि साडेसात अंशांसाठी ६६० मीटर. म्हणजे खालच्या घरांवरून विमान अडीचपट उंचावरून जाते. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. तेव्हा विमान तेच आणि इंजिनाचा आवाज तेवढाच धरला, तर छपरावर पोचणारी तीव्रता सहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. डेसिबलच्या मोजपट्टीवर सुमारे ८ ने कमी. दहा डेसिबलचा फरक आपल्या कानाला साधारण निम्मा आवाज वाटतो, हे लक्षात घेतले तर ही मोठी सवलत झाली. शिवाय तीव्र उतारामुळे वाटेतल्या उंच इमारतींच्याही वरून सुरक्षित जाता येते.

मग सगळीकडेच असा कोन का ठेवत नाहीत? ताशी २४० किलोमीटर वेगाने येणारे विमान ३ अंशांच्या उतारावर सेकंदाला साडेतीन मीटर खाली येते. साडेपाच अंशांवर ६.४ मीटर. टेकण्याआधी नाक वर उचलून ही घसरण थोपवायला वैमानिकाला वेळ कमी मिळतो. दुसरे असे, की तीव्र उतारावर विमानाचा वेग आपोआप वाढू पाहतो. आखूड धावपट्टीवर नेमके तेच नको असते. म्हणून विमानाला भरपूर अवरोध निर्माण करता यायला हवा, त्या प्रकारच्या विमानाने तीव्र उताराची वेगळी परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी आणि वैमानिकालाही खास प्रशिक्षण हवे.

त्रिकोणाला आणखी एक मर्यादा आहे. धावपट्टीच्या टोकाजवळ, समजा अर्ध्या किलोमीटरवर, उंची ३ अंशांना २६ मीटर आणि साडेसात अंशांना ६६ मीटर. ज्यांची घरे कुंपणालगत आहेत त्यांना तीव्र कोनही फार काही देऊ शकत नाही. आणि उड्डाणाच्या वेळच्या आवाजाशी तर या कोनाचा संबंधच नाही.

प्रवासी वाढतात, कोन उतरतो

पहिल्या पूर्ण वर्षात, १९८८ साली, १ लाख ३३ हजार प्रवासी आले. पॅरिस, अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, प्लिमथ अशी मोजकी ठिकाणे. साडेसात अंशांत बसणारी विमानेही मोजकीच: डॅश-७ आणि लहानसे डॉर्नियर-२२८. थोड्या आसनांवर विमानतळाचा खर्च निघणे कठीण होते. १९८९ सालीच धावपट्टीचा वापर वाढवण्यासाठी नवा अर्ज आला. १९९० साली २ लाख ३० हजारांवर गेलेली प्रवासीसंख्या आखाती युद्धानंतर कोसळली. डॉकलँड्समधला जमिनींचा बाजारही याच सुमारास बसला. १९९२ साली कॅनरी व्हार्फ उभारणारी कंपनीच बुडाली.

मार्च १९९२ मध्ये वाढवलेली धावपट्टी खुली झाली. उड्डाणासाठी सुमारे १,२०० मीटर मिळू लागले आणि कोन साडेसातावरून साडेपाचावर आला. हे दोन अंश दिसायला थोडे, पण त्यांनी विमानतळाचे रूप बदलले. आता बीएई-१४६ हे चार इंजिनांचे जेट विमान उतरू शकत होते. जेट असूनही ते कमी आवाजासाठी नावाजलेले होते, आणि शेपटीच्या टोकाला दोन पाकळ्यांसारखे उघडणारे हवारोधक असल्याने तीव्र उतारावरही त्याचा वेग आवरता येई. वर केलेल्या हिशेबाने ५ किलोमीटरवरची उंची ६६० वरून ४८० मीटरवर आली. शांत, पंख्यांच्या विमानांचे चित्रही बदलले.

१९९५ साली प्रवासी ५ लाखांवर गेले आणि मॉवलेमने विमानतळ आयरिश उद्योजक डर्मट डेझमंड यांना विकला. २००० साली संख्या १५ लाख ८० हजार झाली. येथे प्रवासी विमान सुटण्याआधी अगदी थोडा वेळ येऊन पोचू शके. व्यापाऱ्याला तिकिटापेक्षा वेळ महाग, हे या वाढीचे कारण. डिसेंबर २००५ मध्ये डॉकलँड्स लाइट रेल्वेचा फाटा विमानतळाच्या दारापर्यंत आला आणि सिटीतले बँक स्थानक वीस-बावीस मिनिटांवर आले. २०१९ साली प्रवासी ५१ लाखांवर पोचले.

जागा मात्र तेवढीच. म्हणून विमानतळ पाण्यावर वाढला. पंचम जॉर्ज गोदीत खांब रोवून त्यावर विमाने उभी करण्याचे फलाट बांधले गेले. २००८ साली काही, २०२० पर्यंत आणखी. या कामात गोदीचा भूतकाळही वर येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच गोदीच्या तळाशी दुसऱ्या महायुद्धातला ५०० किलोचा न फुटलेला जर्मन बाँब सापडला, आणि १२ फेब्रुवारीला विमानतळ दिवसभर बंद ठेवावा लागला.

इंधनाचे ओझे

आखूड धावपट्टीचा धडा सर्वांत चांगला शिकवला तो न्यूयॉर्कच्या सेवेने. सप्टेंबर २००९ मध्ये ब्रिटिश एअरवेजने येथून एअरबस ए-३१८ हे विमान न्यूयॉर्कला सुरू केले. एरवी शंभराहून अधिक माणसे बसतील अशा विमानात फक्त ३२ आसने होती. तरीही जाताना ते आयर्लंडमधल्या शॅननला इंधनासाठी थांबे. येताना मात्र थेट येई. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. अटलांटिक ओलांडायला लागणारे सगळे इंधन भरून जड झालेले विमान १,२०० मीटरमध्ये उडू शकत नाही. परतताना ते न्यूयॉर्कच्या लांब धावपट्टीवरून भरल्या टाकीने निघते आणि लंडनला पोचेपर्यंत इंधन जळून हलके झालेले असते. शॅननच्या थांब्यात प्रवाशांची अमेरिकन प्रवेश-तपासणी उरकून घेत, त्यामुळे तो वेळ वाया जात नसे. ही सेवा २०२० साली, कोविडच्या साथीत, संपली.

आवाज कोणाच्या वाट्याला

न्यूहॅम हा लंडनच्या गरीब विभागांपैकी एक. विमानाने पॅरिसला जाणारा आणि त्याचा आवाज ऐकणारा यांत फार थोडी माणसे समाईक असतात. म्हणून शांततेच्या वेळा हा या विमानतळाचा सर्वांत जुना आणि जिवाभावाचा करार ठरला. रात्री तो बंद असतो, आणि शनिवारी दुपारी साडेबाराला बंद होतो तो रविवारी दुपारी साडेबाराला उघडतो. आठवड्यातले सलग चोवीस तास शेजाऱ्यांचे.

विज्ञानाची मदतही नेहमी सर्वांच्या बाजूने पडत नाही, हे २०१६ साली दिसले. विमानांना उपग्रहाधारित मार्गदर्शन मिळू लागल्यावर ती आखलेल्या रेषेवरून काटेकोर उडू लागली. पूर्वी रुंद पट्ट्यात विखुरणारा आवाज आता एका चिंचोळ्या रेषेवर गोळा झाला. काही मोहल्ले सुटले, काहींवर दिवसभर विमाने आली. सरासरी आवाज कमी झाला असे म्हणणे आणि त्या रेषेखालच्या घरात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाढीचा रेटा चालूच राहिला. २०१५ साली लंडनच्या महापौरांनी आवाजाच्या कारणावरून विस्तार अडवला. २०१६ साली सरकारने तो मान्य केला आणि वर्षाला ६५ लाख प्रवाशांची मर्यादा घातली. २०२० साली साथीमुळे प्रवासी सुमारे ९ लाखांवर घसरले. बैठका पडद्यावर होऊ लागल्या, कचेरीच्या कामाचा प्रवास पूर्वीसारखा परतला नाही, आणि व्यापाऱ्यांचा विमानतळ सुट्टीवर जाणाऱ्यांकडे अधिकाधिक वळला. २०२३ साली प्रवासी ३४ लाखांच्या आसपासच होते. सुट्टीला जाणाऱ्याला शनिवार हवा असतो, आणि म्हणून शनिवारच्या दुपारीही मागितल्या गेल्या. न्यूहॅम महापालिकेने २०२३ साली नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने अपिलावर निकाल दिला: प्रवाशांची मर्यादा ९० लाख होईल, सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात थोडी जास्त विमाने सुटतील, पण शनिवारची दुपार मिळणार नाही.

आता चर्चा पुन्हा कोनावर आली आहे. एअरबस ए-३२० निओ हे मोठे विमान साडेपाच अंशांत बसत नाही. म्हणून ४.४९ अंशांच्या अवतरण मार्गाचा प्रस्ताव विमानतळाने मांडला आणि २०२५ साली त्यावर लोकांची मते मागवली. त्रिकोणाचे गणित केले तर ५ किलोमीटरवरची उंची सुमारे ३९० मीटर येते. तेच विमान धरले तर आवाज जेमतेम दोन डेसिबलने वाढेल. विमान मोठे असल्याने तेवढ्याच प्रवाशांसाठी फेऱ्या कमी लागतील, असे विमानतळ म्हणतो. रहिवासी मागच्या आकड्यांकडे बोट दाखवतात: साडेसात, साडेपाच, साडेचार. प्रत्येक पायरी लहान आणि समर्थनीय. मात्र जिना एकाच दिशेने उतरतो आहे.

आम्हाला वाटते, की या दोन्ही म्हणण्यांना वर्गात जागा द्यावी. फळ्यावर एक काटकोन त्रिकोण काढावा, विद्यार्थ्यांना तिन्ही कोनांच्या उंची काढू द्याव्यात आणि मग विचारावे: दोन डेसिबल फार की थोडे, हे ठरवायचे कोणी? सांताक्रूझ, लोहगाव किंवा सोनेगावच्या अवतरण मार्गाखाली ज्यांची शाळा आहे त्यांना लंडनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. नकाशावर धावपट्टीच्या टोकापासून शाळेचे अंतर मोजावे, ३ अंशांचा कोन घ्यावा आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची उंची काढावी. गणिताचे उत्तर सगळ्यांचे एकच येईल. आपल्या भागासाठी किती अंश मागाल, असे पुढे विचारले तर मात्र वर्गात वाद होईल, आणि तो होऊ द्यावा.